वरून दोर कुणी ओढला?

आधीच सांगून ठेवतो – मी या ग्रुपवर गेली चार वर्षं फक्त वाचायला आहे आणि इथले निम्मे अनुभव मला थापा वाटतात. राग मानू नका, धंद्याचा गुण आहे. सिरसाळ्यात माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. कंपनीची सीलबंद गोणी आली तरी मी काट्यावर टाकल्याशिवाय आत घेत नाही. बायको म्हणते, तुम्ही लग्नाच्या बोलणीतसुद्धा माझी मार्कलिस्ट झेरॉक्स आहे की ओरिजनल ते बघितलं होतं. खोटं नाही.

त्यामुळे खाली जे लिहितोय ते मी सगळ्या बाजूंनी तपासून घेतलेलं आहे. तरी त्यात एक जागा अशी राहिलीय की जिथं माझा काटा चालत नाही...

आधी तात्यांबद्दल सांगायला हवं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्या भागात विहिरी साठ-साठ फूट खोल. त्यात मोटार पडते, पाइप सुटतो, कधी घागर, कधी आणखी काही. ते काढायला बुडी मारणारा माणूस लागतो. सिरसाळ्यापासून धर्मापुरीपर्यंत हे काम तात्या करायचे. कमरेला दोर, छातीभर श्वास, बस्स. पुढं मीही त्यांच्यासोबत सात-आठ वर्षं केलं, दुकान टाकेपर्यंत.

या कामाचा एक नियम होता – एक खाली, एक वर. दोघं एकदम पाण्यात उतरायचं नाही, कितीही उथळ असो. आणि वरच्याचं खालच्याशी बोलणं दोरावरून. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ढील, तीन म्हणजे वर ओढ. एवढं सगळ्या गावाला माहीत होतं. पण तात्यांची एक स्वतःची खूण होती. ती फक्त वरून खाली द्यायची. दोन लांब ओढी आणि मग एक तुटका हिसका. अर्थ – हातातलं टाक, जसा असशील तसा वर ये, कारण विचारू नको. धर्मापुरीच्या एका विहिरीत तात्यांनी मला ती खूण दिली होती. मी वर आलो आणि पाच मिनिटांत आतला कठडा ढासळला. वर असताना त्यांना काय दिसलं होतं, हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ही खूण चार जणांना माहीत होती. तात्या, माझे वडील, मी आणि माझी धाकटी बहीण अर्चना. वडील वारले. उरलो तिघं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझा सगळा संशय या आकड्यावरच फिरला.

तात्यांना दोन वर्षांपासून विसरायचा आजार आहे. हे घडलं त्याआधी वर्षभर त्यांनी एकाही माणसाचं नाव घेतलं नव्हतं. मी समोर बसलो तरी "कुनाचा रं तू?" विचारतात. काकू त्यांना बघते. दिवसभर ते ओसरीत बाजेवर बसून असतात.

आता समुद्राकडे येतो. खताच्या कंपनीनं एकदा आम्हा डीलर लोकांना अंदमानला नेलं होतं. तिथं मी आणि मनीषानं – म्हणजे बायकोनं, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे – पहिल्यांदा सिलेंडर लावून डायव्हिंग केलं. मला वाटलं होतं विहिरीत वाढलेला माणूस मी, ही घाबरेल. झालं उलटंच! ती इतकी शांत की ट्रेनर तिला बाकीच्यांना दाखवायला लागला. तिला हवाही माझ्या निम्मी लागते. पुढच्या वर्षी आम्ही दोघांनी रीतसर कोर्स केला.

अर्चना नेदरलँड्सला असते. तिथल्या लोकांचं सुट्टीला जायचं एक बेट आहे, कॅरिबियन समुद्रात. तिनं आग्रहानं बोलावलं – दादा, वहिनी, या एकदा. तिच्या नवऱ्याला कामामुळे जमलं नाही. मे महिना होता, शाळेला सुट्टी आणि खरिपाच्या आधी दुकान थंड. आम्ही गेलो. बेटाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एका दुकानदाराचा विषय आहे आणि त्याची चूक होती की नाही हे मला आजही ठरवता येत नाही.

बेट एकदम निवांत. निवडुंग, शेळ्या, गाढवं आणि रणरणतं ऊन... समुद्र सोडला तर आपल्या चौसाळ्याच्या माळावर आल्यासारखं वाटत होतं. तिथं बोटीनं जायची गरज नाही. रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड आहेत, त्यावर जागेचं नाव लिहिलेलं. गाडी लावायची, सिलेंडर पाठीला अडकवायचं आणि काठावरून चालत पाण्यात शिरायचं. बाहेर या, चहा प्या, परत जा. आठ दिवस हेच. मनीषा इतकी खुशीत होती की मला म्हणाली, रिटायर झाल्यावर इथंच शाळा काढू.

मला मात्र पहिल्या दिवसापासून खटकत होतं. सामानाच्या दुकानातला माणूस उंच, झोपाळू, पायात स्लिपर. म्हणे सिलेंडर रॅकमध्ये आहेत, हवे ते घ्या, वहीत सही करा. कुणी बघायला नाही! वर सांगितलं, गाडी लॉक करू नका, काचा उघड्या ठेवा, नाहीतर चोर काच फोडतात. आता काय बोलणार. मी रोज प्रत्येक सिलेंडरचा दाब बघून, वास घेऊन मगच उचलायचो. आणखी एक – डायव्हिंगचा नियम तात्यांच्या बरोबर उलटा. एकट्यानं उतरायचंच नाही, जोडीनं उतरायचं. म्हणजे दोघंही खाली आणि वर कुणीच नाही. मला ते पचेना.

शेवटी मी माझी पद्धत काढली. नारिंगी फ्लोट भाड्यानं घेतला, त्याला बारीक नायलॉनची दोरी. फ्लोट वर तरंगणार, दोरीचं टोक माझ्या मुठीत. दुकानदार हसला, म्हणाला इथं कुणी नेत नाही. नेत नसतील. अर्चनाला सांगितलं, तू काठावर बसायचं, नजर फ्लोटवर. आणि मोबाइल गाडीच्या बॉनेटवर टेकवून व्हिडिओ चालू ठेवायचा.

"दादा, व्हिडिओ कावून?"

"तू पुस्तक वाचत बसतीस म्हणून."

ही गंमत नव्हती, मी खरंच तिच्यावर विश्वास ठेवत नव्हतो.

सहाव्या दिवशी सकाळी पावणेनऊला आम्ही उतरलो. पाणी काचेसारखं, लाटा नाहीत, पाण्यावर दुसरं माणूस नाही, बोट नाही. काठापासून थोडं पोहलं की तळ उताराला लागतो. आम्ही चौदा मीटरवर होतो. मी मनीषाचा दाब विचारला. तिनं गेज दाखवला – एकशेवीस. माझा नव्वद. मी मनात म्हटलं, हिचं नेहमीचंच, कमी हवा खाते. बघा, गोणी काट्यावर टाकणारा माणूस मी... पण हा आकडा माझ्या अंदाजाशी जुळला म्हणून दुसऱ्यांदा बघितला नाही.

खाली उतारावर एक मोठं कासव दिसलं. मनीषानं बोट दाखवलं आणि खाली जायला लागली. दोरी तेवढी लांब नव्हती. मी तिला हातानं खूण केली – तू हो पुढं, मी दोरी इथं दगडाला बांधून आलो. ती वळलीसुद्धा.

आणि तेव्हा माझ्या मुठीतली दोरी ओढली गेली.

एक लांब ओढ. दुसरी लांब ओढ. मग तुटका हिसका.

मी लाटेची ओढ ओळखतो, माशानं दोरीला तोंड लावलं तर तेही कळतं. हे तसं नव्हतं. क्षणभर थांबून परत आलं – दोन लांब, एक तुटका. तिसऱ्यांदा इतका जोर होता की माझा हात खांद्यातून वर गेला. हे मनीषानं वळून बघितलं, ती आजही सांगते.

खरं सांगतो, त्या वेळी मी काहीच विचार केला नाही. ती खूण आली की कारण विचारायचं नसतं. मी दोरी तशीच धरून चार हात मारले, खाली जाणाऱ्या मनीषाचा पाय पकडला आणि अंगठा वर केला – वर चल. ती वैतागली. हातानं विचारलं, काय झालं? मी परत अंगठा. शेवटी आली. घाईत वर येणं धोक्याचं असतं, म्हणून सावकाश, दोघं जवळजवळ.

चार-पाच मीटर राहिले असतील. मनीषा एकदम थांबली. डोळे मोठे झाले. हाताचा पंजा गळ्यावरून आडवा फिरवला. हवा नाही!

मी माझ्या यंत्राची जादाची नळी तिच्या तोंडात दिली. तिनं दोन श्वास घेतले आणि माझा पट्टा घट्ट धरला. वर आलो तेव्हाही तिचा गेज एकशेवीसच दाखवत होता. काटा अडकला होता. सिलेंडर पूर्ण रिकामं.

डायव्हिंग करणारे म्हणतील, त्यात काय, खालीही तुम्ही तिला हवा दिलीच असती. दिली असती... मी शेजारी असतो तर. पण मी तिला एकटीला कासवामागं धाडत होतो आणि स्वतः दगडाला गाठ मारत बसणार होतो. पंचवीस मीटरवर, एकटी, गेजवर एकशेवीस.

काठावर आलो तर अर्चना पळत आली. मनीषा वाळूवर बसून रडत होती. मी काय केलं असेल? मी बहिणीला विचारलं, "दोरी तू ओढलीस का?"

"कसली दोरी?"

"अर्चे, खरं बोल. तात्याची खूण. इथं तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

"दादा, माझे केस बघ. कपडे बघ. कोरडे हायेत का न्हाई? मी इथनं फ्लोटपोतर उडत गेलते का?"

मी तिचे केस बघितले. कोरडे होते. तरीही मोबाइल मागितला. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ मी तिथंच उन्हात उभा राहून बघितला. फ्लोट लांब आहे पण स्पष्ट दिसतो. नऊ वाजून चौदा मिनिटांनी माझ्या मनगटावरच्या घड्याळासारख्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये आम्ही वर निघाल्याची नोंद आहे. व्हिडिओत त्याच्या आधीची पाच मिनिटं बघा – फ्लोट शांत तरंगतोय. माझ्या टोकाला हात वर उचलणारे नऊ हिसके बसले, तर दुसऱ्या टोकाचा फ्लोट एकदा तरी बुडायला हवा की नको? बुडाला नाही.

दुकानदाराकडे गेलो. त्यानं गेजवर बोटानं टिचकी मारली, काटा खटकन शून्यावर आला. नळीचा जोडही सैल निघाला, हवा तिथून गळत होती. त्यानं मान हलवली, माफी मागितली, दुसरा संच दिला. त्याला आधी माहीत होतं का? मला तेव्हा वाटलं, होतं. आज वाटतं, नसावं.

मग अर्चनानं तिच्या पिशवीतला माझा फोन दिला. सायलेंटवर होता. काकूचे तीन मिस्ड कॉल. पहिला नऊ सतराचा. काकू स्वतःहून कधी व्हिडिओ कॉल वगैरे करत नाही, तिला फक्त माझ्या फोटोवर दाबलं की लागतं एवढंच माहीत.

दुकानात मी एक शिकलोय – शंका असेल तर आधी समोरच्याला बोलू द्यायचं, आपण काही सांगायचं नाही. अर्चनाला आणि मनीषाला गप्प राहायला सांगितलं आणि फोन लावला. म्हटलं, काकू, काय काम काढलं?

"आरं, तुमी बरे हाव ना सगळे?"

"बरे आहोत. का?"

"काय न्हाई रं. तात्यानं लई गोंधळ घातला आज. मालिका लागायची व्हती, मी कनिक मळत व्हते. बघते तर हे बाजंवरनं खाली बसलेले, पायथ्याचा दोर धरून वढायलेत. लांब वढायचे, लांब वढायचे, मग एक हिसका. पुन्ना तसंच. दोर सुटला बाजंचा. म्हन्लं काय करायलेत, तर तुझं नाव घेतलं. बाळू, बाळू करायले. एक वर्स झालं बाबा, माझंबी नाव घेतलं न्हाई त्यांनी."

तिकडं आणि इकडं साडेनऊ तासांचा फरक आहे. नऊ चौदा म्हणजे आपल्याकडं संध्याकाळचे पावणेसात. काकूची मालिका सातला लागते.

माझ्या अंगावर काटा आला हे कबूल करतो. पण त्याहून लवकर संशय आला. अर्चनानं काकूला काही सांगितलं असेल का? आम्ही पाण्यात असताना? अर्चना अंघोळीला गेल्यावर मी तिचा मोबाइल उघडला आणि कॉलची यादी बघितली. त्या दिवशी एकही कॉल नव्हता. मनीषानं मला ते करताना बघितलं आणि खोलीतून निघून गेली. मला आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती. जिचा जीव वाचला ती रडत होती आणि मी बहिणीचा फोन तपासत होतो.

त्यानंतर आम्ही पाण्यात गेलो नाही.

गावी परत आल्यावर दुकानाची गर्दी सुरू झाली, पेरण्या तोंडावर आल्या. तात्यांकडे जायला तीन आठवडे लागले. खरं तर मी टाळत होतो. तिथं गेलो आणि काहीच नसलं तर काय, आणि काही असलं तर काय... दोन्हीची भीती वाटत होती.

मी आणि मनीषा दुपारी गेलो. तात्या ओसरीत बाजेवर होते. उजव्या मनगटाला तो दोर तीन-चार वेढे गुंडाळलेला आणि मूठ घट्ट मिटलेली. वेढ्याखाली कातडी सोलून काळी पडली होती.

"हे काय, काकू?"

"त्या दिसापून सोडतच न्हाईत. शेवटी मी बाजंपासनं दोर कापून घेतला. झोपेत सुदीक मूठ आवळलेली. जेवू घालताना डाव्या हातानं खातेत. सोडवायला गेलं की मारायला उठतेत. तू तिकडं व्हतास, मंग तुझी पेरनीची गर्दी, म्हनून फोनवर सांगितलं न्हाई."

तेव्हा मला आठवलं. आमच्या कामात खालचा माणूस काठावर आला, बसला, तरी वरच्यानं दोर सोडायचा नसतो. खालच्यानं स्वतःच्या तोंडानं "आलो" म्हणायचं. मगच मूठ सोडायची. बेशुद्ध माणूसही काठावर दिसतो, म्हणून ही रीत.

मी तात्यांसमोर उकिडवा बसलो. "तात्या, आलो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कुनाचा रं तू?"

"बाळू, तात्या. आलो मी वर."

काही नाही. मी चार-पाच वेळा म्हणालो. मूठ हाताळली तर त्यांनी झटकून दिली. मग माझ्यातला दुकानदार जागा झाला. मी दोराचं सुटं टोक धरून खूण दिली – दोन लांब, एक तुटका. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मनात आलं, झालं, म्हातारपणाचा चाळा आहे हा, बाकी सगळं आपणच जोडलं. थोडं हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मनीषा इतका वेळ दाराशी उभी होती. तिला या कामातली रीत माहीत नाही, मी कधी सांगितली नव्हती. ती पुढे आली, पदर डोक्यावर घेतला, नेहमीसारखी तात्यांच्या पाया पडली आणि खाली बसूनच अगदी हळू म्हणाली, "तात्या, आले मी वर."

तात्यांनी तिच्याकडं बघितलं. मग मूठ उघडली. वेढे आपोआप सैल होऊन दोर त्यांच्या मांडीवर पडला. ते आडवे झाले आणि काकूनं पांघरूण घालायच्या आत झोपलेसुद्धा.

तात्यांना विचारून उपयोग नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले अशा आजारात माणूस जुनी कामं करत राहतो. बरोबर आहे. पण फ्लोट का हलला नाही, वेळ कशी जुळली, आणि मी एवढ्या वेळा "आलो" म्हटल्यावर ते का ऐकत नव्हते?

परतताना मी गाडीत मनीषाला विचारलं, तुला काकूनं काही शिकवलं होतं का. तिनं खिडकीबाहेर बघतच सांगितलं, "नाही. तुम्ही मघापासून 'मी आलो, मी आलो' म्हणत होता. पण दोर तुमच्यासाठी नव्हता ना."